थांबवलेलं खनिज

एर्बियमच्या क्षारांचं द्रावण फिकट गुलाबी असतं. निओडिमियमचं जांभळट, प्रेझिओडिमियमचं हिरवट. अशा द्रावणात कॉस्टिक सोड्याचे थेंब सोडत गेलं, की एका थेंबाला सगळं पात्र गढूळ होतं आणि बुळबुळीत साका तळाशी बसू लागतो. त्या साक्यात धातू, ऑक्सिजन आणि हायड्रोजन एकमेकांना जोडले जात वाट फुटेल तिकडे पसरलेले असतात. ही जोडणी कुठे सुरू झाली आणि कुठे संपली, हे कोणालाच दाखवता येत नाही. साका भाजला की ऑक्साइड मिळतो, म्हणजे जवळजवळ खनिजच.

आता त्याच द्रावणात थ्रिओनिन घालू. आपल्या शरीरातल्या प्रथिनांमध्ये असणारं हे साधं अमायनो आम्ल. अल्कली मात्र अगदी बेताने घालायची. या वेळी हाती साका न लागता स्फटिक लागू शकतात. २००९ मध्ये चीनमधल्या शियामेन विद्यापीठातल्या कोंग शियांगजियान, लोंग लाशेंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा एका स्फटिकाची रचना जगापुढे ठेवली. त्यातल्या प्रत्येक रेणूत एर्बियमचे ६० आयन आणि हायड्रॉक्साइडचे ९६ गट होते. एका स्फटिकात असे अब्जावधी रेणू असतात आणि प्रत्येकात मोजणी तीच. जी जोडणी अमर्याद पसरणार होती, ती या आकड्यांवर थांबली होती.

दुर्मिळ मृदा धातूंच्या अशा रेणूंना ऑक्सो किंवा हायड्रॉक्सो क्लस्टर म्हणतात. आत धातू आणि ऑक्सिजन यांचा गाभा असतो, तर बाहेरून सेंद्रिय रेणूंचं आवरण. गाभा खनिजाच्या स्वभावाचा आणि आवरण सजीवांच्या रसायनातलं. या दोघांची गाठ कशी पडते आणि त्यातून ६० सारखा नेमका आकडा कसा निघतो, हे समजून घेण्यात मोठा आनंद आहे. त्यासाठी लागणारं गणित शाळेतलंच आहे.

पसंती नसलेला धातू

दुर्मिळ मृदा धातू एकूण १७: स्कँडियम, इट्रियम आणि लँथॅनमपासून ल्युटेशियमपर्यंतचे १५. त्यांची कथा सुरू होते स्वीडनमध्ये, स्टॉकहोमजवळच्या इटर्बी या खाणीच्या गावात. १७८७ मध्ये कार्ल अक्सेल अरेनियस या लष्करी अधिकाऱ्याला तिथे एक जड, काळा दगड मिळाला. १७९४ मध्ये योहान गाडोलिन यांनी त्याचं पृथक्करण करून त्यात एक नवा ऑक्साइड असल्याचं दाखवलं. पुढे या एका गावाच्या नावावरून इट्रियम, इटर्बियम, टर्बियम आणि एर्बियम अशा चार मूलद्रव्यांना नावं मिळाली. यांना दुर्मिळ म्हणत असले, तरी भूकवचातलं सेरियमचं प्रमाण साधारण तांब्याएवढं आहे. केरळच्या चवरा किनाऱ्यावरच्या वाळूतही मोनाझाइट या खनिजात सेरियम सापडतो. अवघड असतं ते या धातूंना एकमेकांपासून वेगळं करणं, कारण रासायनिक वागणुकीत ही सगळी भावंडं कमालीची सारखी आहेत.

या सारखेपणाचं कारण त्यांच्या इलेक्ट्रॉनांच्या मांडणीत आहे. लँथॅनमनंतरच्या प्रत्येक मूलद्रव्यात वाढणारा इलेक्ट्रॉन साधारणपणे ४एफ कक्षकात जातो आणि ही कक्षकं अणूच्या आतल्या भागात दडलेली असतात. बाहेरचे इलेक्ट्रॉन त्यांच्यावर पांघरूण घालतात. त्यामुळे शेजारच्या अणूंशी बंध जोडण्यात त्यांचा सहभाग जवळजवळ नसतो. बहुतेक धातू तीन इलेक्ट्रॉन देऊन टाकतात आणि तीन धनप्रभारांचा आयन बनतात. त्यानंतर उरतं फक्त आकर्षण: ऋणप्रभार जवळ आला की धरायचा.

तांबं किंवा प्लॅटिनम यांचं तसं नसतं. त्यांच्या आयनांना शेजारी ठरावीक दिशांनाच हवे असतात, चौकोनात किंवा अष्टफलकात. दुर्मिळ मृदा आयनाला दिशेची अशी पसंती नाही. जागा असेल तितके शेजारी तो भोवती घेतो. पाण्यात बहुधा आठ किंवा नऊ. मालिकेत पुढे जावं तसा आयन आक्रसतो: सहा शेजारी असताना लँथॅनमची त्रिज्या सुमारे १०३ पिकोमीटर, तर ल्युटेशियमची ८६. ज्या आयनाला स्वतःचा असा आकृतिबंध नाही, त्याच्यापासून सममितीने नटलेले रेणू घडतात. म्हणजे ही सममिती कुठून तरी बाहेरून येत असली पाहिजे.

घन कसा जमतो

पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनला दोन हायड्रोजन जोडलेले असतात. तीन धनप्रभारांचा आयन जवळ आला, की तो ऑक्सिजनचे इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो आणि हायड्रोजनची पकड सैल होते. अल्कली त्यातला एक हायड्रोजन काढून नेते आणि हायड्रॉक्साइड उरतो. या हायड्रॉक्साइडमधला ऑक्सिजन एका धातूवर थांबत नाही. तो दुसऱ्याला धरतो, तिसऱ्यालाही धरतो. ऑक्सिजनची संयुजा दोन असं आपण शाळेत शिकलो, पण इथे त्याच ऑक्सिजनभोवती तीन धातू आणि एक हायड्रोजन असतात.

अशा चार हायड्रॉक्साइडांनी चार धातू धरले, की घन तयार होतो. घनाच्या आठ कोपऱ्यांवर आळीपाळीने धातू आणि ऑक्सिजन बसतात. एका ऑक्सिजनला घनातले तीन धातू लागून असतात, तसेच एका धातूला तीन ऑक्सिजन. या क्षेत्रातल्या कितीतरी रेणूंची मूळ वीट हाच घन आहे.

आता शेजाऱ्यांचा हिशेब करू. धातूला आठ-नऊ शेजारी हवे असतात आणि घनाने त्याला तीनच दिले. म्हणजे घनाच्या बाहेरच्या अंगाला प्रत्येक धातूकडे पाच-सहा जागा रिकाम्या उरतात. तिथे पाणी बसलं आणि अल्कली येतच राहिली, तर त्या पाण्याचाही हायड्रॉक्साइड होतो, त्याला नवे धातू चिकटतात आणि जोडणी पुढे धावते. साका पडतो तो असा. पण त्या जागांवर अमायनो आम्लाचा कार्बोक्झिलेट गट आधीच येऊन बसला, तर तिथली वाढ खुंटते. कार्बोक्झिलेटला दोन ऑक्सिजन असतात, त्यामुळे तो दोन धातूंना एकदम धरू शकतो. त्यामागे असलेला कार्बन-हायड्रोजनचा भाग जोडणीत भाग घेत नाही, तो बाहेरच्या बाजूला कुंपणासारखा राहतो. धातूशी बांधल्या जाणाऱ्या अशा रेणूंना लिगंड म्हणतात. इथे लिगंडाचं मुख्य काम आहे थांबवण्याचं. कुठे वाढू द्यायचं आणि कुठे नाही, हे तो ठरवतो आणि त्यातूनच आकार उमटतो.

एकतारी पाकाची वेळ

ही कृती ऐकायला सोपी आहे. धातूचा क्षार, बहुधा परक्लोरेट किंवा नायट्रेट, पाण्यात विरघळवायचा. त्यात अमायनो आम्ल घालायचं, द्रावण गरम ठेवायचं आणि ढवळत ढवळत कॉस्टिक सोडा थेंबाथेंबाने सोडायचा. प्रत्येक थेंबाला किंचित गढूळपणा येतो आणि ढवळलं की विरतो. एका थेंबाचा गढूळपणा मात्र विरत नाही. तिथे हात थांबवायचा. एकतारी पाक साधणाऱ्या माणसाला ही वेळ लगेच ओळखता येईल. अलीकडे थांबलं तर काही जमत नाही आणि पलीकडे गेलं तर पुन्हा मागे येता येत नाही. मग द्रावण गरम असतानाच गाळायचं आणि पात्र निवांत ठेवून द्यायचं. पाणी सावकाश उडून जातं आणि काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी स्फटिक दिसू लागतात. परक्लोरेट आणि सेंद्रिय पदार्थ एकत्र असले की स्फोटाचा धोका असतो, म्हणून हे काम फार थोड्या प्रमाणात आणि फार सांभाळून करतात.

अनेक वर्षं दुर्मिळ मृदा धातूंच्या रसायनात अल्कधर्मी द्रावण म्हणजे हाती साका, असंच धरून चालत. १९९०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या ॲरिझोना विद्यापीठातल्या झेंग झिपिंग यांच्या गटाने हीच वाट मुद्दाम धरली. १९९९ मध्ये त्यांनी युरोपियम आणि टायरोसिन या अमायनो आम्लापासून तयार झालेलं एक चक्र प्रसिद्ध केलं. त्यात युरोपियमचे १५ आयन होते. पाच घन एकमेकांना कोपऱ्याशी जोडून गोल करून बसलेले होते आणि मध्यभागी एक क्लोराइड आयन पाच युरोपियमना धरून होता.

शाळेतलं गणित इथे कामी येतं. पाच घनांचे धातू वीस. गोलात प्रत्येक घन शेजाऱ्याशी एक धातू वाटून घेतो, म्हणजे पाच धातू दोनदा मोजले गेले. वीसमधून पाच वजा केले की १५ उरतात. हायड्रॉक्साइड कोणी वाटून घेत नाही, म्हणून ते पाच चोक वीस. आकडे तंतोतंत जुळतात.

मग मध्यभागचा आयन बदलून पाहिला गेला. क्लोराइडच्या जागी ब्रोमाइड आला तरी चक्र पंधराचंच राहिलं. पण त्याहून मोठा आयोडाइड आला, तेव्हा पाच घनांऐवजी चार घनांचा चौकोन तयार झाला आणि दोन आयोडाइड त्याच्या दोन बाजूंना बसले. सोळातून चार गेले, धातू १२. हायड्रॉक्साइड १६. द्रावणात असलेल्या एका साध्या आयनाच्या आकारामुळे अख्ख्या रेणूची भूमिती बदलली. बाहेरून लिगंड थांबवतो आणि आतून असा पाहुणा आयन साचा देतो. या दोन्हींच्या मध्ये पसंती नसलेला धातू आकार घेतो.

आता एर्बियमच्या साठाकडे येऊ. अष्टफलकाचे सहाही कोपरे छाटले, की २४ कोपऱ्यांचा एक सुंदर आकार मिळतो. त्याला आठ षटकोनी आणि सहा चौकोनी बाजू असतात आणि प्रत्येक कोपऱ्यातून तीन कडा निघतात. सोडालाइट या खनिजाच्या जाळीत हीच पोकळी असते आणि लाजवर्दाला निळा रंग देणारं लॅझुराइट त्याच खनिजकुळातलं. एर्बियमच्या रेणूत या २४ कोपऱ्यांपैकी प्रत्येकावर एक अख्खा घन बसला आहे. २४ घनांचे धातू ९६. प्रत्येक घन तीन शेजाऱ्यांशी एकेक धातू वाटून घेतो, म्हणजे वाटलेले धातू २४ गुणिले तीन भागिले दोन, ३६. शहाण्णवातून छत्तीस गेले, साठ राहिले. हायड्रॉक्साइड २४ चोक ९६. सुरुवातीला गूढ वाटलेले दोन्ही आकडे या एका आकृतीतून निघतात.

या रेणूत आठ कार्बोनेट आयनही आहेत आणि प्रत्येक सहा एर्बियमना धरून आहे. आठ षटकोनी बाजू आणि आठ कार्बोनेट. अशा अनेक क्लस्टरांमध्ये कार्बोनेट कोणी मुद्दाम घातलेला नसतो. अल्कधर्मी द्रावण हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं आणि तो रचनेत आपली जागा पटकावतो. आपण उच्छ्वासातून सोडतो तोच वायू इथे साच्याचं काम करतो.

लपलेला ऑक्सिजन

या रेणूंची रचना कळते ती क्ष-किरणांमुळे. स्फटिकातून क्ष-किरण सोडले की ते इलेक्ट्रॉनांवरून विखुरतात आणि त्या विखुरण्याच्या नक्षीतून अणूंच्या जागा काढता येतात. साठ-सत्तर इलेक्ट्रॉन असलेले धातू ठळक दिसतात. एकच इलेक्ट्रॉन असलेला हायड्रोजन मात्र त्यांच्या शेजारी जवळजवळ दिसेनासा होतो. त्यामुळे एखाद्या जागी ऑक्साइड आहे, हायड्रॉक्साइड आहे की पाणी, हे थेट पाहून सांगता येत नाही. धातूपासूनचं अंतर मोजायचं, सगळ्या रेणूच्या प्रभारांची बेरीज-वजाबाकी करायची आणि मग निष्कर्ष काढायचा.

या हिशेबाने एक जुना गैरसमज दूर केला. इट्रियमचा आयसोप्रोपॉक्साइड, म्हणजे एक इट्रियम आणि तीन आयसोप्रोपॉक्साइड गट असलेलं संयुग, रसायनशास्त्रज्ञ वापरत आले होते. १९८९ मध्ये त्याच्या स्फटिकाची रचना निघाली, तेव्हा आत पाच इट्रियमचा चौरस पायाचा पिरॅमिड दिसला. भोवती १३ आयसोप्रोपॉक्साइड, आणि पायाच्या मध्यभागी एक ऑक्सिजन, पाचही धातूंना धरून बसलेला. पाच त्रिक पंधरा धनप्रभार. ऑक्साइडचे दोन आणि लिगंडांचे तेरा, असे ऋणप्रभारही पंधरा. कोणी न घातलेला हा ऑक्सिजन पाण्याच्या अंशातून किंवा लिगंड तुटून येऊ शकतो. धातूला तो इतका प्रिय आहे की मिळेल तिथून तो ओढून घेतो आणि त्याच्याभोवती गोळा होतो.

फसगत उलट्या दिशेनेही होते. सहा धातूंचे असेच क्लस्टर सांधे म्हणून वापरून सच्छिद्र जाळीचे पदार्थ बनवतात. ते बनवताना स्फटिक चांगले यावेत म्हणून फ्लोरोबेन्झॉइक आम्ल घालण्याची पद्धत रूढ झाली. धातूंमधले पूल हायड्रॉक्साइडचे आहेत, असं अनेक वर्षं मानलं गेलं. पुढे कळलं की धातूने त्या आम्लातला फ्लोरिनच तोडून घेतला होता आणि पुलावर फ्लोराइड बसले होते. ऑक्सिजनचे इलेक्ट्रॉन आठ आणि फ्लोरिनचे नऊ, त्यामुळे क्ष-किरणांना दोघे सारखेच दिसतात. कार्बन आणि फ्लोरिन यांचा बंध सेंद्रिय रसायनातल्या सर्वांत बळकट बंधांपैकी एक. तोही या धातूपुढे टिकला नाही.

दोन शेजारी, दोन चुंबक

आवर्त सारणीत गॅडोलिनियम ६४वा आणि डिस्प्रोशियम ६६वा. रासायनिक वागणूक सारखी, म्हणून एकाच कृतीने दोघांचे एकाच आकाराचे क्लस्टर बनू शकतात. चुंबकीय स्वभाव मात्र दोन टोकांचे.

एमआरआयपूर्वी देतात त्या इंजेक्शनामुळे अनेकांना गॅडोलिनियम ठाऊक असतं. त्याच्या आयनात सात अजोड इलेक्ट्रॉन असतात आणि त्यांचं चुंबकत्व कोणत्याही दिशेला सहज वळतं. बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावलं की ते रांगेत येतात आणि उष्णता बाहेर पडते. ती काढून घ्यायची, पदार्थ एकटा पाडायचा आणि क्षेत्र कमी करायचं. रांग मोडताना त्यांना उष्णता लागते आणि ती पदार्थातूनच घेतली जाते. पदार्थ थंड होतो. १९३३ मध्ये विल्यम जिओक आणि त्यांचे सहकारी मॅकडूगल यांनी गॅडोलिनियम सल्फेट वापरून निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम पाव केल्व्हिनपर्यंत मजल मारली. जिओक यांना १९४९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. क्लस्टरांमध्ये छोट्या जागेत खूप गॅडोलिनियम मावतो, म्हणून या कामासाठी त्यांचा कसून अभ्यास होतो आहे. शियामेनच्याच गटाने २०१४ मध्ये एकात एक चार थरांचा १०४ गॅडोलिनियमचा रेणू आणि २०१७ मध्ये १४० गॅडोलिनियमचं चक्र बनवलं. या चक्राचा व्यास सुमारे सहा नॅनोमीटर, साधारण हिमोग्लोबिनच्या रेणूएवढा.

डिस्प्रोशियमचं चुंबकत्व मात्र योग्य शेजारी मिळाले की एका अक्षाला घट्ट धरून बसतं. मघाच्या पिरॅमिडमध्ये इट्रियमच्या जागी डिस्प्रोशियम घातला, तर प्रत्येक धातूच्या एका बाजूला मधला ऑक्साइड आणि बरोबर विरुद्ध टोकाला एक आयसोप्रोपॉक्साइड येतो. दोन ऋणप्रभारांच्या मधल्या या रेषेत चुंबकत्व अडकतं. २०११ मध्ये मँचेस्टरच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की ४० केल्व्हिनपर्यंत या रेणूचं चुंबकत्व चटकन उलटत नाही. एकेक रेणू चुंबकासारखा दिशा लक्षात ठेवतो. २०१६ मध्ये पवईच्या आयआयटी मुंबईतल्या रामस्वामी मुरुगवेल आणि गोपालन राजारामन यांच्या गटांनी एकाच डिस्प्रोशियम आयनाभोवती असा अक्ष उभा केला: मधल्या पातळीत पाण्याचे पाच रेणू, वर आणि खाली एकेक सेंद्रिय लिगंड. हा रेणू हवेत बिघडत नाही.

खनिजाचा पत्ता

सेरियमची गोष्ट थोडी वेगळी आहे. तो तीनऐवजी चार इलेक्ट्रॉनही देऊ शकतो आणि या दोन अवस्थांमध्ये सहज ये-जा करतो. त्यामुळे त्याचा ऑक्साइड गाडीच्या धुरातले विषारी वायू निवळणाऱ्या उपकरणात ऑक्सिजन साठवतो आणि लागेल तेव्हा सोडतो. हे सगळं घडतं कणाच्या पृष्ठभागावर. पण साध्या भुकटीतला कोणताही कण दुसऱ्यासारखा नसतो, त्यामुळे पृष्ठभागावर नेमकं काय आहे ते बोट ठेवून सांगता येत नाही.

२०१७ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठातल्या जॉर्ज क्रिस्टू यांच्या गटाने कार्बोक्झिलेट लिगंडांनी वेढलेले २४, ३८ आणि ४० सेरियमचे ऑक्सो क्लस्टर प्रसिद्ध केले. मोठ्यातला मोठा जेमतेम १.६ नॅनोमीटरचा. आत पाहिलं तर सेरियम ऑक्साइडच्या खनिजात अणूंची जी मांडणी असते, अगदी तीच. हे त्या खनिजाचेच तुकडे आहेत, सगळे एकाच मापाचे, पृष्ठभागावरच्या प्रत्येक अणूचा पत्ता माहीत असलेले. तीन प्रभारांचे सेरियम आयन नेमके कुठे बसतात, हेही त्यांत दाखवता येतं.

मला या शास्त्रातली सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते. दगड आणि रेणू यांच्यामध्ये आपण एक भिंत मानत आलो. दगड म्हणजे न संपणारी रचना आणि रेणू म्हणजे मोजून घडवलेली. थ्रिओनिनसारखा एक साधा लिगंड ही भिंत अशी नाहीशी करतो की जोडणीला कुठे थांबायचं एवढंच तो सांगतो आणि खनिज रेणू होतं. अजून एक काम मात्र बाकी आहे. रचना हाती आल्यावर ६० का, ते आपण सहज सांगतो, पण द्रावण ढवळत असताना ६० येणार की १५, हे आधीच सांगणारा नियम अजून कोणी लिहिलेला नाही. आज शाळेत घनाचे कोपरे मोजणाऱ्या एखाद्या मुलीने तो लिहावा, इतकं हे क्षेत्र नवं आहे.